लांब दांड्याची बाबागाडी

मोकळ्या आभाळाखालीही तो मान खाली घालूनच चालायचा. शेलूबाजारातली एक चौकट अशी नसेल जिने त्याच्या कपाळाचा समाचार घेतला नाही. कुणी हसलं तर म्हणायचा, "वाकाले काय जाते? कपाय वाचते." मंगरूळपीरची जीप चालवायचा. स्टिअरिंगमागे असा दुमडून बसायचा की बघणाऱ्याचीच पाठ अवघडावी.

बायकोही तशीच उंच. सोयरीक जमली तेव्हा दोन्हीकडच्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला असणार.

त्यांच्या पोरीच्या बरोबरीची लेकरं अंगणात पळू लागली, तरी हिची मान धरेना. ती चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. पण जीपचा हॉर्न ऐकला की पोरगी खिदळायची. म्हणून आई तिला कडेवर घेऊन रोज स्टँडवर यायची. त्यात आईची कंबर गेली. मग पोरगी दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहू लागली. हसणं थांबलं.

माझं सायकलींचं दुकान. चार बाबागाड्याही ठेवतो. एक दिवस दोघं नवराबायको आली.

"भाऊ, उंच माणसाची गाडी दाखवा."

"बाबागाडी लेकराच्या मापाची असते रे," मी म्हणालो.

"बसणारी लहान हाये, ढकलणारे नाईत ना."

त्याने एकेक ढकलून पाहिली. दांडा मांडीशी यायचा आणि पाऊल टाकलं की नडगी मागच्या दांडीवर आपटायची. बायको मात्र हात लावेना. पोरगी तापाने घरी होती, शेजारणीपाशी.

"रिकामा पाळणा हालवत नाईत," ती म्हणाली. "रिकामी गाडी कशी ढकलू?"

मग तिने पिशवीतून झबल्यात गुंडाळलेला वरवंटा काढला. "बारशाले लेकराच्या आधी यालेच निजवतात ना?" वरवंटा निजवला, पट्टा लावला, आणि सायकलींच्या मधून ती एकेक गाडी फिरवू लागली. गिऱ्हाइकं बघत होती. मलाही हसू येत होतं. पण प्रत्येक वळणावर ती कमरेवर हात ठेवून थांबायची, ते पाहिलं आणि माझं हसू आटलं.

एकही गाडी मापात बसली नाही. शेवटी त्याने एक घेतली आणि वेल्डिंगवाल्याकडून दांड्याला नळी जोडून आणली. आता वाकावं लागेना, पण जरा जोर पडला की पुढची चाकं वर.

"मांगं कलंडते, भाऊ."

बायकोने तोच वरवंटा पोरीच्या पायांपाशी ठेवला. गाडी जमिनीला धरून चालू लागली.

आमच्याकडे नवराबायको बरोबरीने रस्त्याने चालत नाहीत. बाई चार पावलं मागेच. पण ही दोघं संध्याकाळी एकाच दांड्याला हात लावून स्टँडवर यायची. जीपवाले उगाच हॉर्न वाजवायचे, पोरगी खिदळायची, तिची आईही हसायची. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

थंडीत पोरीची छाती भरली. अकोल्याला नेलं. परत आली ती दोघंच.

गाडी कुणी घेईना. गेलेल्या लेकराची वस्तू आपल्या लेकराला कोण वापरेल? आणि तो दांडा इतर बायांच्या छातीशी यायचा. एका दुपारी तो गाडी माझ्याकडे घेऊन आला.

"तुमच्यापाशी राहू द्या. घरी तिच्या डोयासमोर नोको."

मी गाडी मागे नेऊन ठेवली. तो स्टुलावर बसूनच राहिला.

"भाऊ, लेकरू होतं त आमी दोघं रोज संगं निघत होतो. आता कायच्या निमित्तानं निघाव? बायको त बोलत बी नाई माह्याशी."

"होईल सगळं ठीक," मी म्हणालो. किती पोकळ बोललो, ते तोंडातून निघताच कळलं.

उन्हाळ्यात त्याच्या जीपवर दुसराच माणूस दिसला. मी घरी जाऊन पाहिलं, तर कुलूप. शेजारीण बाहेर आली.

"बाई माहेरी गेली. तो पुण्याकडं गेला, कामाले."

"संगंच निघाले का?"

"नाई, भाऊ. ती सकायच्या गाडीनं गेली. तो दुपारच्या."