शास्ताची अर्धी प्रदक्षिणा

ताई गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही, मीच सगळ्यांना कळवली. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या तिच्या फ्लॅटमधून नागपूरला आईला फोन लावला. आई एवढंच म्हणाली, "तिच्या त्या डोंगराची प्रदक्षिणा राहिलीच ना गं?" मी फोन भाऊजींच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन रडले.

डोंगर म्हणजे शास्ता. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला एकटाच उभा असलेला, बर्फ पांघरलेला प्रचंड ज्वालामुखी. ताई चिप डिझाइन करणारी इंजिनिअर आणि देवाधर्माची टवाळी करणारी. आईने बॅगेत घातलेला अंगारा तिने विमानतळावरच काढून टाकला होता. पण काही वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर ओरेगनला जाताना हायवेच्या एका वळणावर तो समोर आला आणि बाईसाहेबांनी गाडी कडेला घ्यायला लावली. "कुणीतरी मला नावानं हाक मारली असं वाटलं यार," ती फोनवर म्हणाली. मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, हर्नडनमध्ये माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून खूप हसले. ती हसली नाही. त्यानंतर लाँग वीकेंड मिळाला की तासन् तास ड्राइव्ह करून ती तिकडे जायची, पायथ्याशी बसून राहायची आणि हिरमुसून परत यायची. हाक पुन्हा आली नाही. वर चढायला मात्र ती कधीच तयार नसायची. "त्याच्या डोक्यावर पाय देऊ का?" असं उलट आम्हालाच विचारायची. अशी आमची नास्तिक.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी रजा टाकून तिच्याकडे आले. तिचं एकच मागणं होतं, शास्ताला प्रदक्षिणा. गाडीतून का होईना, पण डोंगर उजव्या हाताला ठेवून. "एकदा पूर्ण फेरी घातली ना, तर बोलेल तो," ती म्हणाली. एवढी हुशार बाई, पण त्या वेळी तिचा चेहरा असा काही झाला होता की मला नाही म्हणवेना. भाऊजी गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, ताई मागे उशांच्या आधाराने. पश्चिमेकडून उत्तरेला वळलो तोवर डोंगर उजवीकडे लख्ख दिसत होता. पुढे पूर्वेचा कच्चा रस्ता लागला आणि थोड्याच अंतरावर फाटक बंद. पलीकडे गुडघाभर बर्फ साचलेलं. उन्हाळ्यापर्यंत जायला वाट नाही.

"अगं, शंकराला अर्धीच घालतात की," मी समजूत काढली. "पन्हळ ओलांडायची नाही, तिथूनच मागे फिरायचं."

"तिथे आपण थांबतो गं," ती म्हणाली. "इथे त्यानं थांबवलंय."

गाडी वळली तसा डोंगर डावीकडे आला. उलटी फेरी आमच्याकडे फक्त स्मशानात घालतात. मला काही कळायच्या आत ताईने बेल्ट काढला, मागच्या सीटवर गुडघे टेकले, हेडरेस्ट ओढून वर केलं आणि त्यावर हनुवटी ठेवून मागच्या काचेकडे तोंड करून बसली. असं बसलं की डोंगर पुन्हा उजव्या हाताला येतो. फेरी उलटी ती उलटीच, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. "ताई, प्लीज, नीट बस," मी ओरडत होते. भाऊजी गाडी अगदी हळू चालवत राहिले. डोंगर दिसेनासा झाला तरी ती वळली नाही. शेवटी मीच विचारलं, "बोलला का काही?"

"नाही गं... एक शब्दसुद्धा नाही." आणि मग ती हमसून हमसून रडायला लागली. त्या डोंगराचा मला आजही राग येतो. मरणाऱ्या माणसाला एक हाक मारायला त्याचं काय जात होतं?

मागचं ते हेडरेस्ट अजून तसंच वर आहे. आरशात मागचा रस्ता नीट दिसत नाही, तरी भाऊजी ते खाली करत नाहीत. मीही अजून हर्नडनला परतले नाही. काल भाजी आणायला निघताना मी मागच्या सीटवर चढले, गुडघे टेकले, हनुवटी ठेवली. काचेतून पार्किंगची भिंत आणि कचऱ्याचे डबे दिसत होते. भाऊजी आले, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे बसले.

"तो रस्ता उघडला का हो?" मी विचारलं.

"उघडला. केव्हाच."

भाऊजींनी गाडी सुरू केली नाही. जाऊ या, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.