तहानलेली तलवार

आधी आत्याबाईंचं सांगते, मग बाकीचं. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझी ही सासू शाळेची पायरी न चढलेली, तोंडानं फटकळ, गावात तिच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. पण एकाहत्तरच्या लढाईत भीतीनं माझं डोकं फिरायचं राहिलं, ते तिच्यामुळं. आज मी लांब उत्तरेला, पलटणीच्या क्वार्टरमध्ये बसून हे लिहितेय. बाहेर सायकलची घंटा वाजली की अजून हात थांबतो. तारवाला तर नसेल, असं वाटतं. घंटा पुढं गेली की मग ओळ पुरी करते.

माझं माहेर जतच्या पूर्वेला, माळावरचं. शाळा सातवीत सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि घरात मेंढरं राखायला माणूस कमी. लग्न होऊन साताऱ्याजवळच्या उसाच्या गावात आले. लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं, पाण्याच्या मुलखात पडली. मला मात्र त्या उसाचंच भ्या वाटायचं. माहेरी माळावर उभं राहिलं की पार लांबचं झाड दिसायचं. इथं बांधावरून चाललं की पुढं गेलेला माणूससुद्धा दिसत नाही, नुसती सळसळ ऐकू येते.

घरात आम्ही तिघंच. आत्याबाई, हे आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. हे फौजेत, वर्षातून एकदा, दसऱ्याला सुट्टीवर यायचे. माजघरातल्या भिंतीवर एक तलवार टांगलेली होती, ह्यांच्या पणजोबांपासूनची. ती खंडेनवमीलाच म्यानाबाहेर निघायची. घरातला कर्ता पुरुष ती काढणार, राखेनं घासणार, तेल लावणार, मग पाटावर विळा, कोयता, नांगराचा फाळ यांच्याबरोबर तिची पूजा. आणि शेवटी हळद-कुंकू लावलेला कोहळा त्याच हातानं त्या तलवारीनं कापायचा. ते झालं की तलवार म्यानात. बायकांनी तिला हात लावायचा नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

त्या वर्षीही हे नवमीला घरी होते. तलवार काढून झाली, पूजा झाली, मी कोहळ्याला कुंकू लावत होते आणि दारात पोस्टमन आला. तार होती. सुट्टी रद्द, लगेच हजर व्हा. साताऱ्याची एसटी फाट्यावर यायची वेळ झालेली. ह्यांनी तलवार घाईघाईनं म्यानात सारली, भिंतीला अडकवली आणि ट्रंक भरायला लागले. कोहळा पाटावर तसाच राहिला. संध्याकाळी आत्याबाईंनी तो उचलून शिंक्यात घातला आणि आढ्याला टांगला.

हे फौजेतून येताना माझ्यासाठी कॉमिकं आणायचे. "सातवी शिकलीस ती चुलीत घालू नको," म्हणायचे. ते गेल्यावर शेवटचं आणलेलं कॉमिक वाचायला घेतलं. त्यातला वीर दिवसा एका शहरात घड्याळं दुरुस्त करायचा आणि संकट आलं की मुखवटा घालून, पाठीवर निळा झगा सोडून आभाळात उडायचा. त्याची तलवार पडलेल्या ताऱ्याच्या लोखंडाची. तिच्या पात्यातून उजेड निघायचा, एका घावात डोंगर दुभंगायचा. पण तिचा एक नेम होता. एकदा बाहेर काढली की ती काहीतरी प्यायल्याशिवाय आत जात नाही. तिला तहानलेलीच म्यानात घातली, तर ज्या हातानं काढली त्या हाताला ती हुडकत जाते. तो हात कितीही लांब असू दे.

एका लढाईत त्या वीरानं शत्रूवर दया केली आणि तलवार तशीच म्यानात घातली. पुढं पानागणिक त्याचे गाल आत जात होते. शेवटच्या चित्रात तो जमिनीवर कोसळलाय, आणि भिंतीवरच्या म्यानातून निळा उजेड पाझरतोय. खाली लिहिलेलं: उरलेली गोष्ट पुढच्या अंकात.

मी पुस्तक मिटलं आणि आमच्या भिंतीकडं बघितलं. मग आढ्याकडं.

ती गोष्ट कुणीतरी पोराटोरांसाठी रचलेली आहे, हे मला कळत होतं. माणूस उडत नाही, हेही कळत होतं. पण कोहळ्याची चाल तर कुणी रचलेली नव्हती. ती घरात होती, पिढ्यान् पिढ्या होती, आणि ह्याच वर्षी मोडली होती. त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्याच.

मार्गशीर्षात लढाई पेटली. ह्यांची पत्रं बंद झाली. तालमीपुढं रेडिओ लागायचा, गडी माणसं भोवती उभी राहायची. मी पाण्याला जाताना कान द्यायची आणि ऐकू यायच्या आत पाय उचलायची. शेजारच्या गावात एका घरी तार आली. त्या घरची सून माझ्याच वयाची.  वाऱ्यानं म्यान भिंतीवर आपटायचं, टक, टक, आणि मला वाटायचं, हुडकायला निघाली. मी जुनं लुगडं फाडून तिला खुंटीला आवळून बांधलं. तरी ऐकू यायचंच.

आत्याबाईंना सांगायची सोय नव्हती. पोराचं वाईट चिंतते म्हणाल्या असत्या. एकदा मी नुसतं म्हटलं की त्या कोहळ्याचे सांडगे घालूया का, तर एवढ्यानं त्या माझ्यावर खेकसल्या, "ऱ्हाऊ दे त्येला हाय तिथं. त्येच्याकडं बघू नगंस." मला वाटलं, आपलंच काही चुकलं.

एका दुपारी त्या रानात गेल्या होत्या. मी दार लोटलं, तलवार खाली घेतली. माझा हिशेब सरळ होता. हिला प्यायलाच पाहिजे ना, मग माझं पी. ह्यांच्यामागं कशाला लागतेस. म्यानातून ओढताना ती मध्येच अडकली, निम्मीच बाहेर आली. पातं काळपट, उजेड वगैरे काही नाही. तेच जास्त भीतीदायक वाटलं. मी डावा हात पुढं केला, डोळे मिटले.

मनगटावर पकड बसली. आत्याबाई खुरपं विसरल्या म्हणून परत आल्या होत्या.

मला वाटलं आता थोबाडीत बसणार. त्यांनी तलवार काढून घेतली नाही, माझा हात तेवढा घट्ट धरून ठेवला आणि खाली बसवलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. तार, कोहळा, ताऱ्याचं लोखंड, हुडकत जाणारी तहान. त्या म्हणाल्या, पुस्तक आण. आणलं. एकेका चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ह्यो कोण, ह्येचं तोंड का झाकलंय, ह्येला आई न्हाई का. शेवटच्या चित्रापाशी बोट बराच वेळ थांबलं.

"येवडं उडतंय, डोंगार फोडतंय," त्या म्हणाल्या, "आन येक कोहळा द्यावा म्हून सांगणारं कुणी न्हाई व्हय गं ह्येच्या घरात?"

मला हसू आलं, आणि हसताना आणखी रडू आलं.

मग त्या उठल्या आणि शिंकं सोडवलं. कोहळ्यावरचं कुंकू वाळून काळं झालेलं. त्यांनी नवं लावलं. मी म्हटलं, "आत्याबाई, बायकांनी धरायची न्हाई. ज्यानं काढली त्यानंच..."

"मला सांगतीस व्हय? ज्यानं काढली त्येला मी नऊ म्हैनं पोटात वागवलाय, आन तू त्येचं कुकू लावतीस. दोघींच्या हातात मिळून त्येचा येक हात हुईल का न्हाई? धर मूठ."

मी मूठ धरली. माझ्या हातावर त्यांचा खरबरीत हात. पहिला घाव बसला आणि कोहळा घरंगळत जात्यापाशी गेला. धार कुठली असणार तिला. आत्याबाईंनी त्याला पायानं अडवला, मग पाया पडल्या, मग पुन्हा पायानं अडवला. दोनतीन घावांनी तो एकदाचा फुटला. कुंकवाचं पाणी पात्यावरून ओघळलं. आत्याबाईंनी ते पुसलं नाही, थोडा वेळ तसंच राहू दिलं, जसं गाईला बादली लावून आपण बाजूला उभं राहतो. मग तलवार म्यानात गेली. ह्या वेळी अडकली नाही.

मग त्या भिंतीला टेकून बसल्या.

"नवमीपास्नं त्या कोहळ्याकडं बगून मला घास गिळत न्हवता," त्या म्हणाल्या. "तुला कशी सांगू? तू पोर. म्हटलं, भिऊन बसशील."

एका घरात, एका चुलीपाशी, आम्ही दोघी एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकमेकींपासून लपवत होतो. त्या रात्री आम्ही अंथरुणं जवळ घातली. म्यान वाजलं की त्या अंधारातून म्हणायच्या, "वारा हाय. नीज."

लढाई थांबल्यावर ह्यांचं पत्र आलं, त्यांच्याच अक्षरात. पुढं हे स्वतः आले, एका कानानं कमी ऐकू येत होतं, बाकी धड. हे कोहळ्यामुळं झालं, असं मी म्हणत नाही. त्या दुसऱ्या घरची सूनही देवाचं करत असणारच. पण कोहळ्यामुळं झालं नाही, असं म्हणायचीही माझी छाती होत नाही.

आता ह्यांना क्वार्टर मिळालंय, मी इकडं आहे. आत्याबाई गाव सोडायला तयार नाहीत. म्हणतात, नवमीला तलवार कोण बघंल? परवा त्यांनी कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. गाय व्याली, गुडघे दुखतात, आणि खाली एक ओळ: त्या मुखवटेवाल्याचं पुढं काय झालं, ते कळलं का?

नाही कळलं. लढाईच्या गडबडीत पुढचा अंक आमच्यापर्यंत आलाच नाही. आजवर ज्या ज्या स्टेशनावर गाडी थांबली, तिथल्या पुस्तकांच्या टपरीवर मी विचारत आलेय. आत्याबाई, तुम्हाला हे कुणीतरी वाचून दाखवेल, म्हणून इथंच सांगते. तो अंक सापडला की मी सुट्टीची वाट बघणार नाही. उंबऱ्यावर तुमच्या शेजारी बसून पहिल्या पानापासून वाचीन, तुम्ही बोट ठेवाल त्या प्रत्येक चित्राशी थांबेन. आणि नाहीच सापडला, तर शेवट मी स्वतः लिहून आणीन. त्यात दार उघडून एक म्हातारी आत येईल, आणि तिच्या काखेत कोहळा असेल.