सुई हलते ती कशानं

वर्धा अजून मध्य प्रदेशात होतं तेव्हा मी इंटर सायन्सला दुसऱ्यांदा बसलो. आदल्या वर्षी प्रॅक्टिकलनं मला आपटवलं होतं. "औंदा नापास झाला त वखर धरजो," असं बाबांनी सांगून ठेवलं होतं, आणि बाबा थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. वखर आणि मी यांच्यामध्ये आता फक्त टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर उभा होता.

नाव भारदस्त, ऐवज म्हणजे पाटावर उभं केलेलं तांब्याच्या तारेचं कडं आणि मधोमध चुंबकाची सुई. सुईला पृथ्वी उत्तरेकडे ओढते. कड्यातून वीज सोडली की कडं तिला आडवं ओढतं. या ओढाताणीत ती मधेच कुठेतरी थांबते आणि त्या कोनावरून वीज किती ते कळतं. विजेची दिशा उलटी केली की सुईनं दुसऱ्या बाजूला तितकंच जायला हवं. एवढंसं माझ्या टाळक्यात शिरवायला माझ्या खोलीतल्या मित्राला दोन महिने लागले. तो केळझरकडचा, भलता हुशार, आणि मला दगड म्हणायचा. खोटं म्हणत नव्हता.

कॉलेजात हे यंत्र एकच. मित्राची पाळी आधी, माझी नंतर, म्हणून मी दाराजवळच्या बाकावर बसून बघत होतो. परीक्षक नागपूरचे. अंगात कोट, तोंडात सुपारी. ते दर आकड्याला यंत्रावर वाकत, आणि वाकले की सुई सरके. डावीकडचा कोन उजवीकडच्याशी जुळेना.

"सर, सुई हालून राह्यली," मित्र म्हणाला.

"सुई नाही, तुमचा हात हलतोय."

मग परीक्षक खिडकीपाशी गेले, कोटाच्या खिशातून चांगला वीतभर लोखंडी अडकित्ता काढून सुपारी कातरली, अडकित्ता खिशात टाकला आणि परत येऊन वाकले. सुई पुन्हा सरकली. मित्र बिचारा तेवढा वेळ खाली मान घालून तारांची टोकं घासत होता. हुशाराला दिसलं नाही ते दगडाला दिसलं.

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ खिशात हात घातला. "सर, अख्खी सुपारी हाय. घेता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वखर दिसायला लागला. पण सुपारी घेतली. पोरांसमोर किती कातरायची म्हणून ते व्हरांड्यात गेले. तेवढ्यात मी सगळे आकडे उतरवले. दोन्ही बाजू तंतोतंत. ते परत येऊन वाकायच्या आत मी तारा सोडल्या होत्या. वही पाहून ते म्हणाले, "हात असा स्थिर पाहिजे."

मी पास झालो. तो प्रॅक्टिकलमध्ये गेला.

निकालाच्या दिवशी खाणावळीत मी त्याला ही करामत रंगवून सांगितली. तो ठसका लागेपर्यंत हसला. मग थांबला.

"तुले कवा समजलं?"

"तू तारा घासत होता तवा."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

परीक्षेत बोलायची मनाई होती, असं मी म्हणालो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. अडकित्त्याची गोष्ट निघाली तर परीक्षक चिडतील आणि राग माझ्या पाळीला काढतील, एवढंच माझ्या मनात होतं. बोलायची गरजच नव्हती. मी नुसता खोकलो असतो, तरी त्यानं मान वर केली असती.