नावात ‘पेंडिंग’ असलेल्या आठ फायली

बुलढाण्यातल्या एका सरकारी कचेरीत मी तीस वर्षं कारकुनी केली. त्यामुळे ‘पेंडिंग’ हा शब्द दिसला की अजूनही माझा हात जागीच थांबतो. मागच्या हिवाळ्यात तो मला माझ्याच मोबाइलमध्ये दिसला.

झालं असं, की फोनमधली जागा भरली होती. रिकामं बसणं मला जमत नाही, म्हणून एका दुपारी सफाईला बसले. लपलेल्या फायली दाखवा, असं एक बटण होतं, तेही दाबून पाहिलं. डाउनलोडच्या कप्प्यात आठ फायली निघाल्या. प्रत्येकीच्या नावाआधी एक टिंब, मग इंग्रजीत ‘पेंडिंग’, मग दहा आकडी नंबर. मी त्यातली एकही घेतलेली नव्हती. उघडायला गेले तर उघडेनात.

कारकुनाचं डोकं ते, मला तो आवक नंबरच वाटला. माझ्या नावावर कुठंतरी आठ प्रकरणं उघडली आहेत, अशी खात्रीच पटली. पोलिसांच्या वेशातले भामटे व्हिडिओवरून लोकांना ‘डिजिटल अटक’ करतात, हे ऐकून होते. आतून कुणी पाहत असेल म्हणून मी फोन पालथा ठेवला आणि वर पातेलं झाकलं. हसायचं तर हसा, मला घाम फुटला होता.

यांना सांगायचं धाडस होईना. हे महिनाभर गळ्याला मफलर गुंडाळून गप्प गप्पच होते. घसा बसलाय, म्हणायचे.

शेवटी शेजारणीच्या फोनवरून मेहकरच्या माझ्या बहिणीला विचारलं. ती शाळेत संगणक शिकवते. म्हणाली, "काही भूत नाही तुह्या फोनात. ब्राउजर एखादी फाईल उतरवते ना, ते पुरी होऊस्तोवर तिले असं कच्चं नाव देते. मधातच थांबली का तशीच पडून राह्यते. तारीख पाह्य अन् काढून टाक."

तारखा पाहिल्या. आठ दिवसांच्या आठ फायली, वेळ मात्र एकच, सकाळी साडेसहाच्या आसपासची. त्या वेळी फोन माझ्याकडे नसतो. यांचा दुरुस्तीला दिल्यापासून हे माझा घेऊन टेकडीवर फिरायला जात होते.

ब्राउजरच्या यादीत त्या फायलींचा पत्ता सापडला. अकोल्याच्या एका तपासणी लॅबचा. महिन्यापूर्वी हे एकटेच शेगावला दर्शनाला गेले होते, प्रसादही आणला होता. शेगावहून अकोला रेल्वेनं असं किती लांब? मला मफलर आठवला. तेव्हा जी भीती वाटली तिच्यापुढे आधीची काहीच नव्हती.

टेकडीवर रेंज नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण तिथूनच तर हे रोज मुलीशी व्हिडिओवर बोलायचे. कचेरीत एखादी फाईल फारच पेंडिंग राहिली की मी ओळखायचे, ही कुणालातरी उघडायची नाही.

संध्याकाळी चहा दिला, फोन यांच्यासमोर ठेवला आणि कारण विचारलं. "काऊन थांबवता रोज?"

यांनी कप खाली ठेवला. मग मफलर सोडला. कानाखाली सुपारीएवढी गाठ होती.

"मले भेव वाटे," म्हणाले. "रोज ठरवो, आज रिपोर्ट पाहू. रेघ भरत आली का हात थांबवाले जाये."

मला रागच आला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं एकट्यानं बाळगायचं? "द्या इकडे," मी म्हणाले. सात फायली एकेक करून काढून टाकल्या आणि आठवी पुन्हा सुरू केली.

निळी रेघ सरकू लागली. अर्धी झाली, पाऊण झाली. आणि माझाच अंगठा थांबवायच्या खुणेवर जाऊन बसला. रेघ थांबली.

यांनी माझा हात उचलून आपल्या हातात धरला, आणि दुसऱ्या हातानं ती पुन्हा सुरू केली.