कोऱ्या संमतिपत्रावरची माझी सही

आमच्या सर्जिकल वॉर्डात रोगी भरती झाला की त्याचा अंगठा दोनदा घेत. एकदा केसपेपरवर, एकदा ऑपरेशनच्या संमतिपत्रावर. ऑपरेशन ठरलेलं असो वा नसो. कोणतं ऑपरेशन, कोणता अवयव, काय धोका, या सगळ्या जागा कोऱ्याच असत. खाली छापलेलं होतं: ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो समजला व मान्य आहे.’ त्याखाली अंगठा आणि शेजारी साक्षीदार म्हणून ड्यूटीवरच्या नर्सची सही. ऐन वेळी रोगी शुद्धीवर नसतो, नातेवाईक सापडत नाहीत, ऑपरेशन अडून राहतं. म्हणून आधीच घेऊन ठेवायचं, असं मोठ्या सिस्टरांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. माझे वडील सदर भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. कामगारांच्या पत्रकांची प्रुफं घरी येत आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, हे मी शाळेत जाण्याआधी वाचलं असेल. तरीही त्या वॉर्डात आठ महिने मी रोज कोऱ्या कागदांवर अंगठे घेत होते.

उमरेडचा एक विणकर बायकोला घेऊन सकाळच्या एस.टी.नं आला. पन्नाशीच्या आतला. साखरेचा आजार, उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. मी शाईचं पॅड पुढे केलं.

“हे कायचं व्हय जी?”

“भरतीचा कागद आहे.”

“दोन-दोन? वावराची रजिस्ट्री करून राहिल्या का बाई?”

बायको हसली. मीही हसले, त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवला आणि शेजारी सही केली.

रोज ड्रेसिंग करताना तो मागाविषयी बोलायचा. त्याचा माग खड्ड्यातला. विणणारा काठावर बसतो आणि खाली दोन्ही पायांनी पावड्या दाबतो. “धोटा हातानं फेकाचा, पन कपडा पायानं बनते,” तो म्हणे. “दोन बोटं गेली तं चालते. पाय पायजे.” आणि शेवटी विचारायचा, “बोटंच ना, बाई?” मी म्हणायचे, डॉक्टर सांगतील. डॉक्टर येत, विद्यार्थ्यांना त्याचा पाय दाखवत इंग्रजीत बोलत आणि पुढच्या कॉटकडे जात.

चौथ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं: उजवा पाय, गुडघ्याखाली. काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. निर्णय चुकीचा होता असं मी तेव्हाही म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही. मी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांकडे गेले.

“त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.”

“सांगितलं तर उठून घरी जाईल आणि महिनाभरात मरेल. चालेल तुला?”

“पण विचारायला तर हवं.”

“विचारलंय की. अंगठा आहे त्याचा. साक्षीला तूच आहेस.”

त्यांनी फाइलमधून संमतिपत्र काढलं आणि उभ्या-उभ्या कोऱ्या जागा भरल्या. अक्षर सुरेख होतं.

ऑपरेशनआधीचं इंजेक्शन मलाच द्यायचं होतं. मी कॉटपाशी गेले तेव्हा त्यानं आपणहून बाही वर सारली. “बोटंच ना, बाई?” बायको उशाशी उभी होती. इंजेक्शन अजून माझ्या हातात होतं. सांगायला वेळ होता. मी म्हटलं, “शांत पडून राहा.” आणि सुई टोचली.

शुद्धीवर आल्यावर तो ओरडला नाही. चादरीखाली हात नेऊन चाचपडत राहिला आणि बायकोला म्हणाला, “मले कोनी काहून नाई सांगतलं?” तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

मग मी तक्रार लिहिली. चार पानं. गरिबाच्या शरीरावर गरिबाची मालकी, असे पत्रकांतले सगळे शब्द तिच्यात होते. इंजेक्शनच्या वेळी मी गप्प राहिले, तेवढं मात्र तिच्यात नव्हतं. चौकशीला तिघं बसले. मधल्या साहेबांनी संमतिपत्र माझ्यापुढे सरकवलं.

“सही तुमची?”

“हो.”

“वाचून दाखवलं, असं लिहिलंय. तेव्हा खोटं लिहिलंत, की आता लिहिताय?”

“तेव्हा. सगळेच लिहितात. तशी पद्धत आहे.”

“कुठल्या नियमात?”

कुठल्याच नियमात नव्हती. कागद पूर्ण होता, कायदा पाळला गेला होता आणि त्यात एकच खोटारडी होती, ती मी. मग विणकराला चाकाच्या खुर्चीतून आणलं. सिस्टरनी जबरदस्ती केली का, असं विचारलं.

“नाई जी. बाईनं हात धरून मदत केली. लई चांगल्या हायेत.”

ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली. पद्धत चालूच राहिली. पुढच्या आठवड्यात मी एका रोग्याला संमतिपत्र पूर्ण वाचून दाखवायला लागले, तर तोच म्हणाला, “अंगठा घ्या ना बाई लवकर, मांगं लाइन हाय.”

दोन महिन्यांनी सुट्टी काढून मी उमरेडला गेले. विणकर ओसरीवर बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरत होता. हे काम त्यांच्याकडे बायका करत. मागावर आता त्याची बायको होती. मला पाहून तो मनापासून हसला. “या, या. चहा मांड वं, बाई आल्या.” ती खड्ड्याच्या काठाला हात टेकून उठू लागली.

मी म्हटलं, मी माफी मागायला आले. तो म्हणाला, “तुमी काय केलं? तुमाले थोडंच मालूम होतं.”

रहाट थांबवताना धागा तुटला, तिकडे न बघता त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, “मालूम होतं का? सुई देताना?”

“हो.”

त्यानं मान खाली घातली आणि तुटलेला धागा शोधू लागला. बायको अर्धवट उठली होती, ती परत खाली बसली. धोटा हातात घेत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “साडेचारची बस भेटन तुमाले. निंगा आता.”