उधारीवर जगलेला सरदार

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वेडंवाकडं. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा वाचणाऱ्याने राग मानू नये. वाचणार तरी कोण म्हणा, ही वही पिठाच्या डब्यामागे असते.

इथे आखातात, अल ऐनला, मुलीच्या वर्गात इंग्लंडच्या जुन्या लढाईचा धडा होता. प्रत्येकाने त्यातला एक माणूस निवडायचा आणि त्याचा वेश करून बोलायचं. मुलीने राजाच्या बाजूचा एक सरदार निवडला. मी पोळ्या लाटत होते आणि ती त्याची गोष्ट सांगत होती. त्याने राजासाठी स्वतःच्या पैशाने फौज उभी केली. मोठी लढाई हरला आणि जहाजात बसून परदेशी गेला. तिथे भाड्याच्या घरात उधारीवर राहायचा, घोड्यांना नाचायला शिकवायचा. सावकार वसुलीला आले की इतकं गोड बोलायचा, की ते उलट आणखी देऊन जायचे.

"अगं, हे तर तुझे पप्पा!" मी म्हणाले.

यांनी इथे कामाला आलेल्या गावाकडच्या पोरांची क्रिकेट टीम काढली होती. कपडे, बॅटी, बिर्याणी, सगळं यांच्या खिशातून. टीम पहिल्याच मॅचला हरली. तेव्हापासून खालच्या किराणावाल्या चाचांचे सहाशे दिरहम थकले होते, म्हणजे आपले चौदा हजारांच्या वर. हे माफी मागायला जायचे आणि तांदळाची गोणी घेऊन यायचे. मला चाचांसमोरून जायचीही लाज. कोथिंबिरीसाठी मी उन्हातून लांबच्या दुकानात जायचे.

"त्याच्या बायकोने काय केलं?" मी विचारलं.

"शी वॉज व्हेरी शाय, आई. तिच्यावर कपडे गहाण टाकायची वेळ आली."

मी लाटणं खाली ठेवलं. लग्नातला शालू काढला आणि गहाण टाकायच्या ऐवजी सरळ कापला. जरीची कॉलर केली. टोपीला यांच्या गाडीच्या झटकणीचं पीस लावलं.

मुलीचा फोटो आयांच्या ग्रुपवर गेला आणि सगळा वर्ग राजाच्या बाजूला आला. दुसऱ्या बाजूला पिसंच नव्हती ना! असेच कपडे आम्हालाही शिवून द्या, म्हणून आयांचे फोन सुरू झाले. हे प्रत्येकीला म्हणाले, "पैशाचं काय, सावकाश द्या!"

मी रात्रंदिवस शिवलं. शाळेच्या गेटवर कपडे वाटले, पण पैसे मागायला तोंड उघडेना. म्हणून टोप्यांची पिशवी तेवढी छातीशी धरून उभी राहिले. शेजारी मुलगी, लाकडी तलवारीवर हात ठेवून.

"हॅट आफ्टर पेमेंट, आंटी."

परदेशात उधारीवर जगलेला सरदार माझी वसुली करत होता.

संध्याकाळी आम्ही तिघं चाचांकडे गेलो. मी पैसे काउंटरवर ठेवले.

"अरे भाभीजी! आपको तो आज पहली बार देखा!"

हे लगेच पुढे झाले. "चाचा, नई टीम बना रहा हूँ, तो थोडा..."

"खलास," मी म्हणाले.

यांचा गोणीकडे गेलेला हात मागे आला. चाचांनी शेवटची नोट मोजली आणि मान डोलावली. सगळी उधारी फिटली.