धूर आणि धुरा

नागभीडला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, असलं काम. माझ्या काटकोनाला कोणीही गुण्या लावून बघावा, फरक सापडायचा नाही. हे मी न विचारता सांगत सुटतो म्हणून घरचे वैतागतात. अशा माणसाला भाऊजींनी ट्रकचा सायलेंसर करायला द्यावा, ही मुळातच गंमत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहिणीला आम्ही बाई म्हणतो. वैनगंगेपलीकडे त्यांचं गाव. जुना टर्बोचा ट्रक घेतलेला, हंगामात शेतातून धानाची पोती उचलायची आणि मिलला पोचवायची, हा धंदा. टर्बोत एक पंखा असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ओझं ओढताना गाडीला ताकद येते. त्या वर्षी एका बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, निघताना ट्रकचा सायलेंसर धुऱ्याला अडकला आणि पाईपासकट उपटून आला. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध.

भाऊजी आधीच कंटाळले होते. या हंगामात गाडीनं नीट ओढलं नाही तर ती विकायची आणि नागपूरला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाईनं मला फोनवर हे सांगितलं आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मले नाई जायाचं रे. पन त्याइले म्हनू कशी?"

मला एकच बहीण. ती नागपूरला गेली तर रविवारी मी कुणाच्या घरी जाऊन भांडायचं? मी म्हणालो, "ट्रक पाठव इकडं. सायलेंसर मी करून देतो."

ट्रक दुकानासमोर लावून भाऊजी परत गेले. मग त्यांचा फोन आला. त्यांच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि तीही धड नाही. खरखरीतून एवढं कळलं, "बाकी तुह्या मनानं कर. पन धुऱ्याले मोकळी वाट देजो, समजलं का?"

समजलं. न समजायला काय झालं? धुऱ्यानंच तर जुना सायलेंसर खाल्ला होता. मी पाईप चेसिसला घट्ट चिकटवून नेला. मध्ये काही आडवं आलं की काटकोनात वर, पुन्हा काटकोनात मागे, पुन्हा खाली. एकेक सांधा ग्राइंडरनं घासून असा गुळगुळीत केला की कुठे जोडलंय ते बोटालाही कळू नये. केवढाही धुरा असो, पाईपाला मातीचा खडा लागला नसता. समोरचा चहावाला खाली वाकून पाहून गेला. "ट्रकले फाटक बसवलं का?" म्हणाला. मी लक्ष दिलं नाही.

ट्रक पोचवायला मीच गेलो. अंगणात बाईचं कोंबड्यांचं खुराडं रिकामं दिसलं. या बाईनं एका अंड्यासाठी अख्खी गल्ली पालथी घातलेली मी पाहिली आहे.

"कोंबड्या कुठी गेल्या?"

"देल्या शेजारनीले. नागपूरले कुठी ठेवू?"

"आधी गाडी तं चालून पाहू दे," मी म्हणालो. तिनं नुसतं खुराड्याचं दार लावून घेतलं.

घरामागच्याच बांधीत पोती भरली. भाऊजी ट्रक रस्त्याकडे चढवू लागले. पुढची चाकं धुऱ्यावर आली, पाईप कुठेही टेकला नाही. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात ट्रकनं काळाकुट्ट धूर ओकला, इंजिन गुदमरलं आणि गाडी घसरत मागे बांधीत येऊन बसली. भाऊजी उतरले. ट्रकखाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"हे काय करून ठेवलं बे? वाट देजो म्हनलं होतं ना तुले!"

"देली ना! धुऱ्याले कुठीच लागत नाई, पाहा."

"धुऱ्याले नाई रे बापा, धुराले! इंजिनातून निंघते तो धूर!"

मग हमाल पोत्यांवर बसून हसायला लागले. बाई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो, पण मनातून पार ओशाळलो. माझ्या प्रत्येक सुंदर काटकोनावर धूर डोकं आपटत होता. त्यालाच वाट नाही, तर टर्बोचा पंखा फिरणार कसा आणि गाडी ओढणार कशी?

मग भाऊजींना घेऊन चंद्रपूरच्या भंगार बाजारात गेलो. रुंद पाईप आणि जुन्या बसगाड्यांचे गोल वळणाचे तुकडे निवडून आणले. या वेळी फोनबिन नाही, भाऊजी समोर उभे. टर्बोच्या तोंडाला आधी जाळीचा लवचिक तुकडा लावला, कारण इंजिन हलतं आणि कडक पाईप तडकतो. तिथून सावकाश वळण घेत पाईप केबिनच्या मागे नेला आणि उभा आकाशाकडे काढला. सायलेंसरही तिथेच उभा बसवला. हमालांचे हात पोळू नयेत म्हणून भोवती जाळी लावली. अख्ख्या कामात काटकोन एकही नाही. माझे हात नुसते शिवशिवत होते.

पुन्हा तीच बांधी, तीच पोती. भाऊजींनी अ‍ॅक्सिलेटर दाबला. टर्बोची बारीक शिट्टी सुरू झाली, वाढत गेली, आणि ट्रक न थांबता धुरा ओलांडून रस्त्याला लागला. भाऊजींनी खिडकीतून हात हलवला आणि गाडी तशीच मिलकडे काढली. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आता बाई कौतुक करील म्हणून मी वळलो, तर बाई जागेवर नव्हती.

ती शेजारणीच्या अंगणात पोचली होती. "आन माह्या कोंबड्या."

"काऊन? नागपूरले नाई जात का?"

"नाई. आता इथीच राह्यतो आमी."

दोन्ही काखांत कोंबड्या धरून बाई माझ्यासमोरून घरी गेली. एक कोंबडी कमी होती. शेजारीण खाली बघत राहिली, आणि बाईनं विचारलंसुद्धा नाही.